धाकट्याचं सपाट घड्याळ

आमचा धाकटा शिंपी आहे. त्याच्यासारखी बाही कापणारा अख्ख्या बाजारात नाही. भाऊ म्हणून नाही, खरं आहे म्हणून सांगतो. पण त्याच्या घड्याळाचं कोडं मला काही सुटत नाही.

नाण्यासारखं सपाट, सोन्याचं घड्याळ. कंपनीने ते बनवणं कधीच बंद केलंय. त्यात तारीख नाही, सेकंदकाटा नाही, वर रोज सकाळी चावी द्या. इतकी वर्षं पोटाला चिमटा घेऊन घेतलं, आणि घालतो कुठे? शर्टाच्या कफच्या आत!

"अरे, लोकांना दिसू दे की!"

"मला दिसतं ना, दादा."

परवा एका मोठ्या हॉटेलचा मॅनेजर सगळ्या वेटरांच्या कपड्यांची ऑर्डर घेऊन आला. आधी त्याच्या स्वतःच्या कोटाचं माप घेताना धाकट्याची बाही वर सरकली.

"हे आता कुठेच मिळत नाही हो! मला द्या, मागाल ती किंमत. ऑर्डर तुमचीच."

मी मागून धाकट्याला चिमटा काढला.

"नाही साहेब, हे नाही द्यायचं. हात जरा सरळ ठेवता का?"

मॅनेजर तरातरा निघून गेला, ऑर्डरही गेली.

"एवढं आहे तरी काय त्यात?" मी ओरडलो. त्याने घड्याळ माझ्या कानाला लावलं. टिकटिक ऐकू आली. टिकटिक तर आमचं स्वयंपाकघरातलं घड्याळही करतं!

तेव्हापासून मी डोकं खाजवतोय. आणि भेटेल त्याला सांगतोय, आमच्या धाकट्याने एवढ्या मोठ्या मॅनेजरला तोंडावर नाही म्हटलं. का म्हटलं, ते मात्र मला विचारू नका.