छबूबाईनं शिवलेली बैठक

छबूबाईला मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती आडावर कुणाशी तरी भांडत होती, आणि तिची बाजू खरी होती. पुढंही बहुतेक वेळा तसंच असायचं. पाथर्डी तालुक्यातल्या त्या गावात आम्ही बदलीनं आलो होतो. आमचे हे शाळेत मास्तर, म्हणून मी मास्तरीणबाई. दमयंती हे माझं नाव तिथं कुणी विचारलंच नाही.

लेक चांगुणा पाळण्यात असतानाच छबूबाईचा नवरा गेला. दिरांनी वाटणीत तिला घराचा पुढचा सोपा, मागची चूल आणि पोतंभर उपदेश दिला. ती गोधड्या शिवायची. तिच्या हातची गोधडी नाही असं घर गावात नव्हतं. बहात्तरच्या दुष्काळात ती खडी फोडायला गेली, तर तिथंही भाकरी खाल्ली की सुई काढून बसायची. चांगुणाला तिनं सातवीपर्यंत शिकवलं ते या सुईच्याच जोरावर.

त्र्याहत्तरला पाऊस बरा झाला आणि खोळंबलेली लग्नं एकदम सुटली. चांगुणाला शेवगावचं स्थळ आलं. मुलगा निर्व्यसनी, मुलगी त्यांना पसंत. फक्त सुपारी फुटून सोयरीक पक्की व्हायची बाकी होती.

आता इथली एक रीत सांगायला हवी. सुपारी फोडताना दोन्हीकडच्या माणसांनी एकाच जाजमावर बसायचं. शेजारी शेजारी दोन सतरंज्या टाकून भागत नाही. दोन बैठका म्हणजे दोन मनं, असं मानतात. मुलाचे चुलते गोरक्षनाथ या बाबतीत भलते कडक. मागं एका गावात दोन सतरंज्यांमधली फट बघून ते चहा न घेता उठले होते, आणि ती सोयरीक तिथंच मोडली. आमच्या गावात सोपा भरेल एवढं जाजम एकच होतं, आप्पासाहेब पाटलांचं.

आप्पासाहेबांना खरं तर चांगुणा आपल्या पुतण्यासाठी हवी होती. छबूबाईनं तोंडावर सांगितलं होतं, "तुमच्या पुतण्याचं हात पत्त्याला लागत्यात, नांगराला न्हाई. तसल्या हातात म्या पोरगी देनार न्हाई." तरीही त्यांनी जाजम द्यायचं कबूल केलं तेव्हा मला त्यांचं कौतुक वाटलं होतं. सुपारीच्या दिवशी सकाळी त्यांचा गडी आसाराम निरोप घेऊन आला, "जाजम उंदरानं कुरतडलंय. मिळायचं न्हाई." हा उंदीर धोतर नेसतो हे सगळ्या गावाला कळलं.

पाहुणे दुपारच्या एसटीनं येणार होते. पाथर्डीच्या मंडपवाल्याकडचं सगळं लग्नसराईत बाहेर गेलेलं. चांगुणा चुलीपुढं बसून मुकाट रडायला लागली. छबूबाईनं मात्र पदर खोचला आणि घरोघर फिरून मिळेल ते उचलून आणलं. शाळेच्या तरटपट्ट्या आल्या, भजनी मंडळाच्या निळ्या पट्ट्यांच्या सतरंज्या आल्या, शेजारच्या रंगुबाईची काळी घोंगडी आली. आणि माझा लाल गालिचा! नगरला वडिलांनी लग्नात दिलेला, ज्याच्यावर मी मास्तरांनासुद्धा पाय ठेवू देत नव्हते.

सगळं सोप्यात पसरलं खरं. आठवडे बाजारात उठवलेलं दुकान तरी बरं दिसेल. कुठं निळं, कुठं काळं, मध्येच तरट, आणि जिकडं तिकडं फटी. रंगुबाई म्हणाली, "छबू, पाव्हनं उंबऱ्यातनंच माघारी फिरत्याल."

छबूबाई कमरेवर हात ठेवून बघत राहिली. मग एकदम म्हणाली, "आगं, ही तर गोधडीच हाय! निस्ती शिवायची ऱ्हायलीय. दाभन आना."

पुढचं काम मी जन्मभर विसरणार नाही. गोधडीला आत जाडंभरडं, वर चांगलं, तशा तरटपट्ट्या खाली गेल्या. सतरंज्या अशा लावल्या की सगळे निळे पट्टे दारापासून समोरच्या भिंतीपर्यंत सरळ धावले आणि सोपा एकदम लांबलचक दिसायला लागला. घोंगडी उसवून तिच्या पट्ट्यांचा चारी बाजूंनी काठ केला. रंगुबाई पुन्हा कुरकुरली, "शुभ कार्याला काळं?"

"लेकराला तीट लावतीस ती काय पांढरी असती का?" छबूबाई म्हणाली. रंगुबाईनं दोरा ओवला.

गालिचा मधोमध आला, सुपारीचं तबक ठेवायला. त्याला दाभण लावताना छबूबाईनं माझ्याकडं पाहिलं. "मास्तरीणबाई, व्हय म्हना."

मी गालिच्याची कड धरून ठेवली. पण आत चांगुणा रडत होती. मी "हो" म्हणाले आणि तोंड फिरवलं. दाभण कचकन आत गेलं ते मला ऐकू आलं. शेवटी छबूबाईनं आपलं ठेवणीतलं हिरवं लुगडं फाडून प्रत्येक जोडावर त्याची पट्टी शिवली. जोड झाकले गेले, आणि तेच काठासारखे उठून दिसायला लागले. काळ्याच्या आत निळं, निळ्यात हिरवं आणि मध्ये माझं लाल. माझ्याच घरात तो गालिचा इतका शोभला नव्हता, हे कबूल करताना मला राग येतो, पण खरं ते खरं.

पाहुण्यांच्या आधी आप्पासाहेब आले. गंमत बघायलाच आले होते, दुसरं काय. आतल्या भिंतीशी, अगदी कडेला ऐसपैस मांडी घालून बसले आणि पानाला चुना लावायला लागले. कशावर बसलोय हे बघायचीही त्यांनी तसदी घेतली नाही.

एसटी आली. गोरक्षनाथ उंबऱ्यात थांबले. रंगीबेरंगी बैठक बघून त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "ह्या किती बैठका म्हनायच्या?" असं पुटपुटत ते खाली वाकले, आणि दाराजवळच्या घोंगडीचं टोक धरून त्यांनी खसकन ओढलं. आतल्या दाराशी छबूबाईनं माझं मनगट इतकं घट्ट धरलं की बांगडी पिचली.

घोंगडी सुटून आली नाही. तबक खणखणलं. गोरक्षनाथांनी आणखी जोर लावला, आणि पार पलीकडच्या भिंतीशी आप्पासाहेबांचा तोल गेला, चुन्याची डबी मांडीवर सांडली आणि ते ओरडले, "आवो, मला कुठं वढताय?"

मग गोरक्षनाथ हसायला लागले. तो कडक म्हातारा पोट धरून हसला. "आमी हितं वढतोय आन् पाटील तिथं हालत्यात! एकच हाय की वो बैठक! आन् साक्षीला गावचा मोठा मानूस!"

आप्पासाहेब मांडीवरचा चुना झटकत राहिले. गोरक्षनाथांनी त्यांनाच पुढं बोलावून हातात बत्ता दिला. "फोडा सुपारी. तुमच्याच हातनं हू द्या." सगळं गाव बघत होतं. पांढऱ्या मांडीनं, खाली मान घालून त्यांनी बत्ता हाणला, आणि चांगुणाची सुपारी फुटली.

आत बायका एकमेकींच्या गळ्यात पडल्या. मी तर मोठ्यानं रडले, लाज कसली? छबूबाई रडली नाही. साखर वाटायची थाळी घेऊन ती आतल्या दारात उभी राहिली. बायकांनी तिथूनच थाळी द्यायची असा रिवाज, पुरुषांच्या बैठकीवर बाईनं पाय ठेवायचा नाही.

गोरक्षनाथांनी हात फिरवून एक जोड चाचपला, टाका बघितला आणि वर पाहिलं.

"कुनी शिवली?"

"म्या," छबूबाई म्हणाली.

ते सरकले. त्यांच्याबरोबर सगळेच सरकले, आप्पासाहेबही. "मग उभ्या का, ईनबाई? या, बसा."

छबूबाईनं थाळी माझ्या हातात दिली, पदर नीट केला, आणि सगळ्या गावादेखत बैठकीच्या मधोमध, माझ्या लाल गालिच्यावर मांडी घालून बसली.