टायमिंग चेन आणि दादाची ओळख

नागपुरात सक्करदऱ्याला मी दवाखाना काढला, त्याच्या दुसऱ्या वर्षी दादानं माझ्यासाठी जुनी मोटार पाहिली. पाहिली, पसंत केली, ठरवूनही टाकली. मला कळलं ते मोटार दवाखान्याच्या दारात येऊन उभी राहिल्यावर. दादा माझ्याहून आठ वर्षांनी मोठा. बाबा मिलमध्ये होते. त्यांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हा मी प्राथमिक शाळेत होते आणि दादा मॅट्रिकच्या तयारीत. पुढे बाबा गेले आणि माझ्या शिक्षणाचं, वसतिगृहाचं, दवाखान्याच्या जागेचं सगळं दादानंच पाहिलं. हे उपकार खरेच. पण त्यामुळे माझी प्रत्येक गोष्ट आपणच करायची, असं त्यानं धरून ठेवलं होतं. शिवाय त्याची सगळीकडे ओळख होती. नागपुरात असं एकही ऑफिस किंवा दुकान नव्हतं जिथे त्याचा कुणी 'आपला माणूस' नाही.

मोटारीनं वर्षभर चांगली साथ दिली. हुडकेश्वरच्या बाजूला तेव्हा नुसती शेतं आणि मधूनमधून वस्त्या होत्या. तिकडून बाळंतपणाचं बोलावणं आलं की मी स्वतःच चालवत जायची. बाई मोटार चालवते म्हणून लोक बैलगाडी थांबवून बघायचे.

मग एका उन्हाळ्यात इंजिनाच्या पुढच्या बाजूनं आवाज यायला लागला. पत्र्याच्या डब्यात वाटाणे घालून हलवावेत तसा. जवळच्या मिस्त्रीनं पुढचं झाकण काढलं आणि आतली साखळी बोटानं उचलून दाखवली. ती ढिली होऊन झाकणाला घासत होती.

"टायमिंग चेन गेली, बाई. हिच्याच जोरावर इंजिनाचे वॉल्व वेळेवर उघडतेत. चेन, दोन्ही दातेरी चाकं आन् चेन ताणून धरनारा टेन्शनर, सगळंच बदला. पण माल चांगला आना."

"चांगला म्हणजे कोणता?"

"चांगला म्हंजे चांगला."

"अहो, पण ओळखायचा कसा?"

"दुकानदाराले सांगा, चांगला द्या म्हना."

याच्यापुढे तो काही सांगेना. संध्याकाळी दादाला कळलंच. "माल आणायचं काम माझ्यावर सोड," तो म्हणाला. "सदरच्या बाजारात आपला माणूस आहे." दुसऱ्याच दिवशी तो चकचकीत खोकं घेऊन आला. मिस्त्रीनं चेन बसवली. महिना झाला नाही तोच वाटाणे परत वाजायला लागले.

दादा म्हणाला, मिस्त्रीनं नीट बसवली नसेल. मिस्त्री म्हणाला, मालच खराब. दोघंही हे एकमेकांना सांगायचे नाहीत, मला सांगायचे. मी पेशंट सोडून यांचे निरोप पोचवत होते. शेवटी दोघांना मोटारीपाशी समोरासमोर उभं केलं. मिस्त्रीनं चेन काढून केरोसिनमध्ये धुतली आणि कुशीवर वळवून आडवी धरली. दोन्ही बाजूंनी धरूनही ती मधे पार लोंबत होती.

"पाहा. नवी चेन अशी लोंबत नाही. ही कुठल्या तरी मोडीतल्या गाडीची. धुऊन खोक्यात भरून देल्ली तुमाले."

"हे पाहायचं असतं, ते आधी काहून नाही सांगितलं?" मी विचारलं.

"तुमी इचारलं नाही."

मी विचारलं होतं. त्याच जागी उभी राहून दोनदा विचारलं होतं. पण तोवर दादा मिस्त्रीला सांगायला लागला होता की त्याच्या ओळखीचा माणूस असं करणारच नाही, त्यालाच वरून कुणीतरी फसवलं असणार.

दुसऱ्या खेपेला दादा मित्राच्या मित्राकडे गेला. या वेळी चेन खरंच नवी होती, आडवी धरली तर ताठ राहत होती. फक्त ती दुपदरी होती, आणि सोबतची चाकं एकपदरी चेनची. मिस्त्रीनं दोन्ही बॉनेटवर मांडून ठेवली आणि बिडी पेटवली.

"घासून बसवून दे ना गा," दादा त्याला म्हणाला.

चाकाचे दात घासून चेन बसवायची! मी आत निघून गेले. एका पेशंटला दिवसातून तीनदा घ्यायच्या गोळ्या दोनदाच घ्यायला लिहून दिल्या. तिनंच विचारलं म्हणून चूक लक्षात आली.

याच दिवसांत हुडकेश्वरच्या पुढून बोलावणं आलं. शेतकऱ्याच्या घरची सून, दुसरं बाळंतपण. पहिल्या वेळी त्रास झाला होता, म्हणून कळा सुरू झाल्या की लगेच कळवा असं मीच बजावलं होतं. तिचा दीर सायकलनं आला. मी सायकलरिक्षा केली. डांबरी रस्ता संपला तिथे रिक्षावाल्यानं पुढे यायला नकार दिला. मग भर दुपारी बॅग घेऊन पायी. पोचले तेव्हा मूल झालेलं होतं, पण वार आतच अडकली होती आणि रक्त थांबत नव्हतं. पुढचा तासभर माझे हात कसे चालत होते ते मला सांगता येणार नाही. बाई वाचली. मी हात धूत असताना तिची सासू पाणी ओतत होती. ती सहज म्हणाली, "बाई, तुमच्यापाशी त मोटार होती ना वं?"

त्यात टोमणा नव्हता. म्हणूनच ते वाक्य परतीच्या सगळ्या रस्त्यावर माझ्या डोक्यात फिरत राहिलं.

दुसऱ्या दिवशी मोटारीची मूळ जुनी चेन, चाकं आणि टेन्शनर वर्तमानपत्रात गुंडाळून मी सदरला निघाले. दादाला सांगितलं नव्हतं, पण तो बसस्टॉपवर भेटलाच आणि सोबत आला. दुकान मी निवडलं, त्याच्या ओळखीचं नसलेलं. दुकानदारानं मला एकदा पाहिलं आणि दादाला विचारलं, "बोला भाऊसाहेब, काय पाहिजे?"

"गाडी माझी आहे," मी म्हणाले आणि पुडकं काउंटरवर उघडलं. तेलाचे डाग त्याच्या काचेवर पडले. त्यानं एक सेट पुढे ठेवला.

"खोका उघडा."

"म्याडम, खोका फोडला तर माल वापस नाही होत."

"घेतलाच नाही तर वापस कसा होईल? उघडा."

त्यानं दादाकडे पाहिलं. दादा हळूच म्हणाला, "असं काय करून राहिली वं? चार लोकांत..."

"दादा, तू बाहेर उभा राहा."

हे मी जरा जोरातच बोलले. दुकानातली दोन गिऱ्हाइकं वळून पाहायला लागली. दादाचा चेहरा उतरला आणि तो खरंच बाहेर गेला.

मी चेन आडवी धरली. ठीक होती. नवं चाक जुन्यावर ठेवलं, दात दातांवर बसले, पण वॉल्वची वेळ जुळवायला जुन्या चाकावर जी खूण होती ती नव्यावर नव्हतीच. दुसरा सेट काढायला लावला. त्यात खूण होती. टेन्शनरवर चेनला दाबून धरणारी रबराची पट्टी असते, ती वाकवली तर भेगा दिसल्या. दवाखान्यात रबरी नळ्या मी रोज अशाच वाकवून पाहत होते. वर्षानुवर्षं फळीवर पडलेलं रबर वरून नवंच दिसतं. दुकानदार कंटाळला होता, मीही कंटाळले होते, पण हलले नाही. चेन एका खोक्यातून, चाकं दुसऱ्यातून आणि टेन्शनर तिसऱ्यातून घेतला.

बाहेर आले तर दादा निघून गेला होता.

मिस्त्रीनं माल बसवला. आवाज बंद झाला. दादाचं येणंही बंद झालं. वहिनी दोनदा येऊन गेली, दोन्ही वेळा म्हणाली, "त्यायले लय लागलं." मला वाईट वाटत होतं आणि रागही येत होता. माझी मोटार, माझे पेशंट, आणि रुसायचं यानं.

पावसाळा लागल्यावर एकदा तो ऑफिस सुटून बसची वाट पाहताना दिसला, छत्री नव्हती. मी मोटार थांबवली. त्यानं आधी बसच्या दिशेला पाहिलं, मग बसला. रुमालानं डोकं पुसत राहिला.

"आवाज नाही येऊन राहिला," शेवटी तो म्हणाला.

"नाही."

"काय पाहिलं तू त्या दुकानात?"

मी सांगितलं. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "रबराचं एवढं काही नसते. चेन चांगली असली की झालं."

"दादा, रबर तुटलं की चेन पुन्हा ढिली पडते!"

"पडते, पण लगेच नाही पडत."

त्याच्या घरापर्यंत आम्ही भांडत गेलो. वहिनीनं दार उघडलं तेव्हाही रबरावरच चाललं होतं. ती हसून आत चहा ठेवायला गेली.

त्यानंतर मोटारीचे सुटे भाग मीच घ्यायची. दादा सोबत यायचा, दुकानातल्या स्टुलावर बसायचा, आणि मी खोकी उघडायला लावली की छताच्या पंख्याकडे पाहत बसायचा.