पाय दिसले पाहिजेत

फोटो काढायच्या आधी ते स्वतःच्या पायांकडे बघायचे. गिऱ्हाईक नटूनथटून उभं, कॅमेरा तिकाटण्यावर चढलेला, आणि हे आपले काळं फडकं खांद्यावर टाकून, मान खाली घालून काहीतरी हरवल्यासारखे जमिनीवर शोधताहेत. शोधायचे ते स्वतःची सावली. ती कुठवर जाते ते पाहून एक पाऊल इकडे, एक पाऊल तिकडे सरकायचे आणि म्हणायचे, "गिऱ्हाइकाच्या फोटोत आपलं काय काम?"

साताऱ्यात त्यांचं दुकान माझ्या वाटेवर होतं. मी पोस्टमन. बटवडा संपला की त्यांच्या बाकावर जाऊन टेकायचो. मी त्यांना काका म्हणायचो. साठीला आलेले, एकटे, छाती अधू. मुलगी माधवनगरला दिलेली. माडीच्या चार पायऱ्या चढले तरी भिंतीला हात लागायचा. फोटो काढताना त्यांचे दोनच हुकूम असत. आधी "हलायचं नाही", मग "झालं, हला". दूध उतू जायला लागलं तरी तुम्ही त्याला "हलायचं नाही" म्हणत असाल, असं मी त्यांना चिडवायचो. असा एखादा माणूस तुमच्याही पेठेत असेल. त्याच्याकडे आपण रोज बघतो आणि फारसं काही बघत नाही.

लढाईचे दिवस होते. परळीच्या अंगाला डोंगरावर एक वाडी माझ्या बटवड्यात होती. आठवड्यातून एक फेरी. तिथल्या एका म्हातारीचा एकुलता एक मुलगा पलटणीत होता. त्याचं पत्र मीच तिला वाचून दाखवलं. लिहिलं होतं, "आई, तुजा फोटो धाड. म्हैनाअखेर आमी हितनं हलणार, मग ह्यो पत्ता ऱ्हात न्हाई." म्हातारीचे गुडघे गेलेले. तिला खाली उतरवणं शक्य नव्हतं, गाडीवाट नव्हती. मी हे काकांना सहज बोललो.

"रविवारी जाऊ," ते म्हणाले.

"काका, वैशाख आहे."

"मग त्या पोरानं काय पावसाळ्यापर्यंत थांबायचं?"

मी तिकाटणं घेतलं, कॅमेरा त्यांनी पाठीला बांधला. ज्यांवर फोटो उमटतो त्या काचांची पेटी ओल्या पंच्यात गुंडाळून पोटाशी धरली, ती काही केल्या मला देईनात. लढाईमुळे मुंबईहून काचा येत नव्हत्या. त्यांच्याकडे मोजक्याच उरल्या होत्या. सकाळी लवकर निघालो तरी निम्म्या चढाला ऊन डोक्यावर आलं. खडक तापले होते. करवंदीच्या जाळीला सावली म्हणावी तर ती कुत्र्यालाही पुरली नसती. काका दर वीस पावलांना थांबत आणि समोरचा डोंगर बघण्याचं सोंग करत. "काय देखावा आहे!" देखावा कसला, दम लागलेला. मीही थकलो होतो, आणि थकलो की माझा स्वभाव वाईट होतो.

म्हातारी हिरवं लुगडं नेसून उंबऱ्यावर बसली होती. काकांनी कॅमेरा जवळ लावला.

"पाय दिसत्यात का?" तिनं विचारलं.

"आजी, तोंड चांगलं मोठं येईल असा काढतो."

"त्वांड कशाला? त्येनं बगितलंय की. पाय दिसले पायजेत. माजं प्वार सकाळचं पाया पडल्याबिगर भाईर जात न्हवतं. तितं कुनाच्या पाया पडंल?"

काका कॅमेरा मागे घेऊ लागले. मी मागून टुमणं लावलं होतं, "आटपा काका, उतरायचंय अजून." त्यांनी घाईनं फडकं डोक्यावर घेतलं, "हलायचं नाही" म्हणाले, फोटो काढला, सामान बांधलं. आम्ही बांधापर्यंत आलो तेव्हा मागून हाक आली.

"आवं, हलू का आता?"

म्हातारी तशीच बसून होती, पापणीही न हलवल्यानं डोळ्यांतून पाणी गळत होतं. काका "झालं" म्हणायलाच विसरले होते. मी पोट धरून हसलो. काकांना हसू आलं नाही. ते आणखीही काही विसरले होते, हे दुसऱ्या दिवशी कळलं.

सोमवारी दुकानात गेलो तर ते धुतलेली काच उजेडाला धरून बसले होते. कोरी. काचेवरचं सरकतं झाकण ओढायचंच राहिलं होतं. चाळीस वर्षं हेच काम करणाऱ्या माणसाच्या हातून. घाई माझी होती, पण ते एका शब्दानं तसं म्हणाले नाहीत.

माझे पाय भरून आले होते, टाचेला फोड, रजा नव्हती. मी म्हणालो, "काका, खाली कुठलीही म्हातारी बसवा. लुगडं तसंच, पदर डोक्यावर. लांबून सगळ्या सारख्याच दिसतात. त्याला काय कळतंय?"

त्यांनी काच खाली ठेवली. "आणि त्यानं परक्या बाईच्या पाया पडत राहायचं?"

ते रागावले असते तर बरं झालं असतं.

मंगळवारी ते एकटेच गेले. तिकाटणं काठीसारखं टेकत गेले, असं वाटेवरच्या माणसांनी मला सांगितलं. दुपारी पोचायचे ते उन्हं कलल्यावर पोचले. बुधवारी छापलेला फोटो घेऊन पोस्टात आले तेव्हा त्यांचे ओठ काळे पडले होते. फोटोत म्हातारी उंबऱ्यावर बसलेली, भेगाळलेले पाय पुढे घेतलेले. आणि जमिनीवरून सरळ तिच्या पायांपर्यंत गेलेली एक लांब सावली. तिकाटण्याच्या तीन काड्या, वर माणसाचं डोकं.

"काका, सावली."

"दिसली. मागं सरायला बांध होता, थांबायला सूर्य नव्हता." ते बाकावर बसले. "कापून बघितलं. सावली कापली की म्हातारीचे पाय जातात. राहू दे."

पाकीट त्याच दिवशी गेलं.

काकांची छाती त्यानंतर सुधारली नाही. दिवाळीच्या सुमारास मुलगी त्यांना माधवनगरला घेऊन गेली. थंडीत मुलीचं एक कार्ड आलं, दुकानाच्या जागामालकाच्या नावाचं. बटवडा माझाच होता. वाटेत वाचलं आणि त्यांच्या बंद दुकानाच्या पायरीवर बराच वेळ बसून राहिलो. मला रडू आलं. पुढे तिथे सायकलचं दुकान झालं.

लढाई संपल्यावर एक शिपाई मला शोधत पोस्टात आला. म्हातारीचा मुलगा. "फोटोवाल्या काकांस्नी भेटायचं हुतं. दुकानात दुसरंच मानूस हाय." काका गेल्याचं मी सांगितलं. मग खिशातून कापडात गुंडाळलेला फोटो काढून त्यानं माझ्यापुढे धरला.

"रोज पाया पडत हुतो," तो म्हणाला.

म्हातारीचं तोंड स्वच्छ होतं, लुगड्याचा काठसुद्धा दिसत होता. पण पाय उरले नव्हते. रोज बोटं लागून तेवढी जागा झिजून पांढरी झाली होती, आणि पायांशी टेकलेलं सावलीचं डोकंही त्या जागेबरोबर गेलं होतं. खाली फक्त तिकाटण्याच्या तीन काड्या राहिल्या होत्या.

मी तेव्हा काय सुचवलं होतं ते त्याला सांगायचं धाडस मला झालं नाही. फोटो दोन्ही हातांनी त्याला परत दिला.