ट्रॅम्पोलिनवरच्या कुरड्या

“ऊन आलं वं पोरी! बसून काय ऱ्हायली?”

कुंपणाच्या फळ्यांवर थाप आणि पाठोपाठ ही हाक. मी मागच्या खोलीत लॅपटॉप उघडून ऑफिसच्या मीटिंगमध्ये असायची. मीटिंग म्यूट करायची आणि अनवाणीच अंगणात पळायची. न पळून सांगते कुणाला? दुसरी हाक याहून मोठी आली असती आणि तिसरीच्या ऐवजी मावशी स्वतः आल्या असत्या.

मावशी म्हणजे शेजारच्या डॉक्टरणीची आई. दर मे महिन्यात अकोल्याहून इकडे डब्लिनजवळच्या ल्यूकनला यायच्या आणि व्हिसाचे तीन महिने संपले की परत जायच्या. त्या काळात मी त्यांना स्वस्थ बसलेलं पाहिलं नाही. सोफ्यावर टेकल्या तरी कडेला, गाडी आत्ता सुटेल अशा बेताने. अकोल्यात असल्या की या लेकीची काळजी, इथे आल्या की तिथल्या मुलाची. “एक पाय इथं, एक तिथं, अन् मधात समुद्र,” असं स्वतःच म्हणायच्या. तुमच्या शेजारी असं कुणी राहून गेलं असेल तर तुम्हाला ठाऊक असेल, ही माणसं स्वतः बसत नाहीत आणि दुसऱ्यालाही बसू देत नाहीत.

आमची ओळख ट्रॅम्पोलिनमुळे झाली. माझ्या लेकीसाठी घेतलेलं ते धूड मावशींनी कुंपणावरून पाहिलं. “एवढी मोठी बाज! अन् रिकामी?” त्यांनी जावयाला कुंपणाची एक फळी काढायला लावली, आणि चार दिवसांत ट्रॅम्पोलिनवर त्यांचं जुनं सुती पातळ अंथरलेलं होतं, पातळावर कुरड्या. माझी लेक शाळेतून आली आणि ओरडली, “मॅम, देअर्ज नूडल्स ऑन माय ट्रॅम्पोलिन!” मावशींना इंग्रजी कळलं नाही, पण राग कळला. त्यांनी वाटीभर गरम चीक, वर तेल-तिखट, असा तिच्या हातात ठेवला. दुसऱ्या दिवसापासून पातळाचं एक टोक धरायला लेक स्वतःहून उभी राहू लागली.

आता आयर्लंडमध्ये कुरड्या वाळवायच्या म्हणजे काय, ते मी तुम्हाला काय सांगू! ऊन आलं म्हणून पसरावं तोवर ढग, आत न्यावं तोवर पुन्हा ऊन. “तुमचं ऊन चप्पल काढत नाई वं,” मावशी म्हणायच्या, “दारातूनच वापस जाते.” पलीकडच्या घरातल्या आयरिश आजी दोरीवर कपडे टाकता टाकता ओरडायच्या, “ग्रेट ड्रायिंग टुडे!” कपडे वाळायला वारं आणि ऊन दोन्ही असलं की इथे तसंच म्हणतात. मावशी उत्तर द्यायच्या, “हाव नं, पण टिकलं पायजे!” दोघींचं बोलणं वर्षानुवर्षं असंच चाललं आणि कुणाचंच काही अडलं नाही.

डॉक्टरीण वैतागायची. “आई, हॉट प्रेसमध्ये ठेव ना!” हॉट प्रेस म्हणजे गरम पाण्याच्या टाकीचं कपाट, त्यात सगळे टॉवेल वाळवतात. मावशी शांतपणे विचारायच्या, “टॉवेल तळून खाते का कोणी?”

एका वर्षी पुण्यात माझे सासरे गेले. मावशी आल्या त्या भरलेला डबा घेऊनच. ज्या घरात मृत्यू झाला, त्या घराने वर्षभर पापड-कुरड्या करायच्या नसतात. शेजाऱ्यांनी करून द्यायच्या असतात, हे मला तेव्हा कळलं. मी म्हटलं, “मावशी, इथे परदेशात कोण पाळतं हे?”

“तू नको पाळू,” त्या म्हणाल्या. “मले तं देऊ दे.”

त्या डब्याने मला किती धीर दिला, ते मी त्यांना कधी सांगितलं नाही. सांगायला त्या उभ्या राहिल्या तर ना!

गेल्या मे महिन्यात मावशी आल्या त्या धापा टाकतच. चीक घोटता घोटता थांबायच्या, ओटा धरून उभ्या राहायच्या. डॉक्टर लेकीने तपासण्या करून घेतल्या. हृदय थकलं होतं. ती म्हणाली, इथेच राहा, मी काहीतरी खटपट करते. मावशी म्हणाल्या, घरी जाऊ दे.

आणि त्याच उन्हाळ्यात त्या माझ्यामागे लागल्या. गहू भिजत घाल, रोज पाणी बदल, वाट, पीळ, गाळ. माझ्या स्वयंपाकघरात असा आंबूस वास सुटला की नवरा सगळ्या खिडक्या उघडून बाहेर जाऊन बसला. मीही चिडले. “मावशी, तुमच्या लेकीला शिकवा ना! मलाच का?”

त्या सोऱ्या दाबत होत्या. हात थांबला नाही.

“तिले लोकायची नाडी पाहाची सवय, अन् मले तिचं तोंड पाहाची,” त्या म्हणाल्या. “महिना झाला, ती माह्याकडे सरळ पाहत नाई. पुढच्या मे महिन्यात तिच्या घरी कुरड्या होणार नाईत वं. तुह्या घरी झाल्या पायजे.”

मी म्हटलं, “काहीतरीच काय बोलता!” मी चाटू सोडला.

“हात चालव. चीक घट्ट होते.”

जानेवारीत अकोल्यात त्या गेल्या. डॉक्टरीण जाऊन आली आणि तिसऱ्याच दिवशी ड्यूटीवर हजर झाली. भेटली की म्हणायची, “आय अ‍ॅम ग्रँड गं.” इथे ‘ग्रँड’ म्हणजे नुसतं ठीक.

मे उजाडला आणि मला घरात बसवेना. गहू भिजत घातले. पातळ माझ्याकडेच राहिलं होतं, ते ट्रॅम्पोलिनवर अंथरलं. माझ्या कुरड्या कावळ्याच्या घरट्यांसारख्या झाल्या, एकीला दुसरीचं रूप नाही. डॉक्टरीण वरच्या खिडकीत उभी राहून बघत होती. खाली आली नाही. मीही बोलावलं नाही.

मग ढग आला. अर्ध्या कुरड्या ओल्याच होत्या, आणि माझ्या पुणेरी तोंडून हाक निघाली, “ऊन गेलं वं! पाहत काय ऱ्हायली?”

खिडकी रिकामी झाली. डॉक्टरीण अनवाणी पळत आली आणि कुंपणाच्या काढलेल्या फळीपाशी एकदम थांबली. पहिले थेंब पडत होते.

“मी हात लावला तर चालतं का गं?”

“उचलायला चालतं,” मी म्हटलं.

खरं तर मला माहीत नव्हतं. आता विचारणार कुणाला? ती फटीतून आत आली, पातळाची दोन टोकं तिने धरली, दोन मी, आणि रडत रडत आम्ही घरात पळालो.