सातवा हात

हे मी इतकी वर्षं कोणाला सांगितलं नाही. मुलांनी विचारलं तर ‘गावचं राजकारण होतं, सोडा’ म्हणून वेळ मारून नेली. बायकोलाही अर्धंच सांगितलं आणि ती गेली. आता मंचरला दवाखान्यात जायचं तरी कोणीतरी गाडीवर न्यायला लागतं. अजून थांबलो तर राहूनच जाईल.

घटनादुरुस्ती झाली आणि सरपंचपदाला आरक्षण आलं, तेव्हा पेपरात त्याविषयी सगळं वाचलेला आंबेगाव तालुक्यातल्या आमच्या त्या लहान गावात मीच होतो. खंडोबाच्या देवळात लोकांना मीच समजावलं. कालव्याच्या पाण्याची जशी पाळी असते तशी आता खुर्चीची पाळी येणार, कधी बायकांची, कधी बौद्धवाड्याची. लोकांना ते लगेच पटलं. पण आमच्याकडे पाळी एकाच्या नावावर असते आणि पाणी दुसराच घेतो, हे सर्रास चालतं. खुर्चीचंही तसंच चालेल असं सगळ्यांनी धरलं. मी कोणाला दुरुस्त केलं नाही, कारण माझीही समजूत तीच होती.

पुढे एका निवडणुकीत सरपंचपद अनुसूचित जातीच्या बाईसाठी राखीव निघालं. बौद्धवाड्यातली एक बाई आम्ही बिनविरोध बसवली. तिचा नवरा आमचं रान वाट्याने करायचा. ती शब्दाबाहेर जाणार नाही, हा त्यामागचा विचार माझाच. मी उपसरपंच झालो.

पहिल्या मासिक सभेला मी सवयीने मधल्या खुर्चीकडे गेलो आणि तिला म्हणालो, “अगं, तू बस तिकडं. कामकाज मी बघतो.”

ती उभीच राहिली. “भाऊ, पाळी माझी हाय ना?”

“हाय की.”

“मंग दारं मीच धरनार. तुमी बसा.”

दारं धरणं म्हणजे उभ्या पिकाला स्वतः पाणी देणं. सगळे हसले. एक सदस्य म्हणाला, “उपसरपंच, तुमचं रान कोरडं राहिलं राव आज.” मीही हसलो, पण कान तापले होते. ती माझ्याहून लहान, म्हणून मी तिला सरपंच असतानाही अगं-तुगंच करत राहिलो. गावात सगळेच करत.

तिने एकच काम लावून धरलं. बौद्धवाड्याची स्मशानभूमी ओढ्यापलीकडे. तिकडे जायची वाट सरकारी नकाशात आहे, पण ती माझ्या चुलतभावाने नांगरून कांद्यात घेतली होती. पावसाळ्यात त्या लोकांना प्रेत ओढ्याच्या पाण्यातून न्यावं लागे. वाट मोकळी करायचा ठराव तिने मांडला आणि महिनाभरात तिच्यावर अविश्वास आणायचं ठरलं.

सरपंच बाई असली की त्याला तीन चतुर्थांश मतं लागतात. आम्ही नऊ सदस्य, म्हणजे सात हात हवेत. ती आणि ठाकरवाडीची एक सदस्य सोडली तर बरोबर सातच उरत होतो. एकही फुटू नये म्हणून आम्हाला देवळात बोलावलं आणि शपथेसाठी बेलभंडारा पुढे ठेवला. मी म्हणालो, “वाट नकाशात हाय. ती खोटं बोलत न्हाई.”

चुलतभाऊ म्हणाला, “नकाशात असंल. तुझ्या वावरातनं मढी जाऊ दे, मग नकाशा वाच.”

मी बेलभंडारा उचलला. देवापुढे उचलल्यावर मत आपलं राहत नाही, असंच आम्ही मानायचो. कायद्याने मत ज्याचं त्याचं असतं, हे मी शिकलेला माणूस, मला ठाऊक होतं.

मतदान घ्यायला तहसीलदार यायच्या आधी ती ग्रामपंचायतीच्या दाराशी मला आडवी आली.

“भाऊ, तुमी उचललाय म्हनं.”

“हो.”

“वाट नको आसं देव बोलला का?”

मी आत गेलो. हात वर करायला सांगितलं तेव्हा सहा हात लगेच वर गेले. सातवा माझा. तो वर जाईपर्यंत ती माझ्याकडेच बघत होती.

त्याच पावसाळ्यात तिचा नवरा कावीळ होऊन गेला. ज्याने माझी ज्वारी-बाजरी काढली तो माणूस. ओढ्याला पाणी होतं. ते उतरायची वाट बघत लोकांनी तिरडी काठावर बराच वेळ ठेवली, शेवटी अंधार पडेल म्हणून तशीच आत घातली. मध्यावर एकाचा पाय घसरला आणि तिरडी एका बाजूने पाण्यात गेली. मी चुलतभावाच्या बांधावर छत्री घेऊन उभा होतो. कांद्याचं रान तेव्हा मोकळंच होतं. ‘इकडून या’ म्हणायला मला कोणी अडवलं नव्हतं.

ती आता अवसरीला मुलाकडे असते. मागच्या दिवाळीनंतर मी मुलाला म्हणालो, एकदा तिकडे ने. तिने ओळखलं, खुर्ची दिली, चहा केला. गुडघ्यांची चौकशी केली. मग विचारलं, “वाट झाली का वो?”

“नाही झाली.”

मी गाडीवर सगळा रस्ता घोकत आलो होतो. ‘बाई, वाट तुमच्या हक्काची होती आणि मत माझं होतं. मी ते विकलंही नाही, नुसतं देऊन टाकलं. तुमच्या मालकांना पाण्यातून जावं लागलं ते माझ्यामुळे. मला माफ करा.’ त्यात पहिल्यांदा तिला ‘तुम्ही’ म्हणायचं होतं.

तोंडातून निघालं ते असं, “तवा गावाचं ठरलं व्हतं गं.”

“व्हय,” ती म्हणाली, “ठाव हाय मला.” आणि माझा रिकामा कप उचलून आत गेली.