आमच्या बालवाडीतले सर

नात तीन वर्षांची झाली तेव्हा मी सहा महिने लेकीकडे नॉर्वेला राहिले. सकाळी नातीला बालवाडीत सोडायचं काम माझ्याकडे होतं. पहिल्या दिवशी दारात एक धिप्पाड, दाढीवाला माणूस उभा. मला वाटलं, कुणाचा तरी बाप असेल. त्यानं गुडघे टेकून नातीच्या जॅकेटची चेन काढली, तिचं नाक पुसलं आणि तो तिला कडेवर घेऊन आत गेला. तिथल्या सात शिक्षकांत तीन पुरुष होते.

"इथंही बायकाच जास्त असतात, आई," लेक म्हणाली. "पण पुरुष दिसला म्हणून कुणी दचकत नाही."

माधवनगरला माझी स्वतःची बालवाडी आहे. परत आल्यावर सांगलीत बालवाडी शिक्षिकांच्या शिबिराला गेले. सभागृह गच्च भरलेलं, त्यात पुरुष दोनच. एक माइकवाला, एक चहावाला. ते डोक्यात राहिलं, आणि जूनमध्ये मी कवठे महांकाळच्या एका तरुणाला नोकरीवर घेतलं. रीतसर कोर्स केलेला, वय सव्वीस.

"कोर्सला मी एकटाच गडी हुतो, बाई," तो म्हणाला. "पोरी हसायच्या. पर मला बारकी पोरं लय आवडत्यात."

पोरांनाही तो आवडला. रडणारं पोर त्याच्या खांद्यावर गप्प व्हायचं. एक जुळी भावंडं तर रोज रडत यायची, तीही त्याच्याकडेच शांत व्हायची. मी लेकीला फोनवर कौतुकानं सांगायची.

दिवाळीनंतर तीन मुलींच्या आया माझ्याकडे आल्या. "तसं काही नाही बाई, सर चांगलेच आहेत. पण मुलींना बाथरूमला..." पुढचं कुणी बोललं नाही. मी लगेच मान डोलावली आणि त्याला बोलावून घेतलं. "मुलींना बाथरूमला तुम्ही न्यायचं नाही. मावशींना हाक मारायची."

"व्हय बाई," तो खाली बघत म्हणाला. त्यानंतर त्यानं पोरांना उचलून घेणंही बंद केलं.

जानेवारीत एके दुपारी मावशी खाऊ आणायला कोपऱ्यावरच्या दुकानात गेल्या होत्या. तेवढ्यात चार वर्षांच्या एका मुलीला घाई झाली. तो दारातून मावशींना हाका मारत राहिला. मी ऑफिसातून धावत आले तोवर तिचा फ्रॉक ओला झाला होता. ती हुंदके देत होती आणि तो दोन पावलांवर, हात मागे घेऊन उभा. नेमकी तेव्हाच तिची आई न्यायला आली.

"एवढंही कळत नाही तुम्हाला? पोरीला तसंच उभं ठेवलं?" ती त्याच्यावर ओरडली.

त्यानं माझ्याकडे पाहिलं. 'मीच तसं सांगितलंय', एवढंच मला म्हणायचं होतं. मी मुलीचा फ्रॉक बदलायला लागले.

महिनाअखेरीला त्यानं नोकरी सोडली. मी थांब म्हटलं नाही. खरं सांगायचं तर सुटल्यासारखं वाटलं, आणि त्याचीच अजून लाज वाटते. यंदा जाहिरातीत मी 'शिक्षिका पाहिजेत' असंच लिहिलं. लेक फोनवर सरांचं विचारते, तेव्हा मी विषय बदलते.

परवा तो मिरजेच्या स्टँडवर भेटला. कुपवाडच्या एका कारखान्यात पॅकिंगला आहे. वाकून नमस्कार केला.

"आवं बाई, ती रडकी जुळी आता कितवीला हायत?"

"पहिलीला गेली."

"मोठी झाली की!" तो हसला.

माफी मागायला मी शब्द जुळवत होते, तेवढ्यात त्याची बस लागली.

"येतो बाई," म्हणाला आणि गर्दीतून वाट काढत आत चढला. मी हात वर केला, पण त्यानं पाहिलं की नाही, कळलं नाही.