कलेजीच्या रंगाचं मुखपृष्ठ

नोरीन ट्रेगेन्झाने आयुष्यभर बर्नी गावात मटणाचं दुकान चालवलं आणि नवरा गेल्यावर त्या दुकानावर पुस्तक लिहिलं. निम्म्या गावाची त्यात सालटी काढलेली. ते छापलं डेस पास्कोने. मी त्याच्याकडे मुद्रितं तपासायचे.

डेसचं प्रकाशन म्हणजे टायरच्या दुकानामागच्या दोन खोल्या. नवे लेखक यायचे, रबराच्या वासाने बिचकायचे आणि ‘विचार करून कळवतो’ म्हणत सटकायचे. विश्वास बसावा म्हणून डेसने जुन्या लेखकांचे अभिप्राय वेबसाइटवर टाकायचं ठरवलं. सगळ्यांनी इतकं गोड लिहिलं की डेस वारलाय असं वाटावं. नोरीनने लिहिलं: ‘डेसने माझ्या नवऱ्याचा फोटो उलटा छापून त्याला डावखुरा केला. मुखपृष्ठ कलेजीच्या रंगाचं केलं. पण ओळ न् ओळ माझ्यासमोर बसून मोठ्याने वाचली. इतकं माझं कुणीच ऐकून घेतलं नव्हतं.’

डेसने वरची दोन वाक्यं उडवली. दुसऱ्याच दिवशी नोरीन दारात.

“डेस, माझी कलेजी कुठंय?”

“जरा आटोपशीर केलं, नोरीन.”

“चांगला तुकडा वर आणि चरबी खाली, हे धंदे मला शिकवू नकोस. सगळं लाव, नाहीतर सगळं काढ.”

“लोक पळून जातील.”

“आत्ता काय रांग लागलीय?”

मला हसू आवरेना. डेसने तोंड पाडून सगळं लावलं.

पुढच्याच आठवड्यात एक निवृत्त बसड्रायव्हर बाड घेऊन आला. म्हणाला, “बाकीचे सगळे तुझे मेहुणे वाटतात. ही बाई खरी वाटली, म्हणून तिला फोन केला.”

डेसचा चेहरा उतरला. “काय म्हणाली?”

“फोटो स्वतः तपास म्हणाली. रंग लेखी घे म्हणाली. आणि बाड दुसऱ्या कुणाला देऊ नकोस म्हणाली.”

मग लोक येतच राहिले. नोरीनला या फोनांची चटकच लागली. केक ओव्हनमध्ये करपला तरी तिचं बोलणं संपत नसे.

दुसरं पुस्तक मात्र तिने लॉन्सेस्टन शहरातल्या एका प्रकाशकाला दिलं; त्याने निळा रंग कबूल केला होता. डेस फार दुखावला. शेवटी त्याने तिला फोन लावला.

“तुझा अभिप्राय काढू का?”

“का? खोटा झाला?”

“नाही.”

“मग राहू दे की.”

निळं पुस्तक देखणं झालं. त्या प्रकाशकानेही तिच्याकडे अभिप्राय मागितला. तिने तत्काळ पाठवला. त्याने तो अजून कुठेच लावलेला नाही.